यादीत नसलेलं झाड

"मास्तर, कहूवर नोका घालू त्याइले! वर येनावर न्या!"

नाल्याच्या पलीकडून कौतिकाबाई ओरडत होत्या. मी अलीकडे उभा होतो. कमरेला टोपली, हातात कात्री. टोपलीत ऐनाच्या डहाळ्या होत्या आणि प्रत्येक डहाळीला एक हिरवागार किडा चिकटून बसला होता, माझ्या करंगळीपेक्षा जाड. त्यांना हातानं ओढायचं नसतं. ओढलं तर ते पाय सोडत नाहीत, फाटतात. म्हणून डहाळीसकट तोडायचे आणि डहाळीसकट दुसऱ्या झाडाला बांधायचे. एवढं मला त्यांच्या नवऱ्यानं, लटारूनं, शिकवलं होतं.

"काहून?" मी विचारलं. तीन आठवड्यांत त्यांचा 'काहून' माझ्या तोंडात बसला होता.

"काहून म्हंजे? नोका घालू म्हनलं न."

येन म्हणजे ऐन आणि कहू म्हणजे अर्जुन. नाल्याच्या काठानं त्याची दहा-बारा झाडं ओळीनं उभी होती, पांढऱ्या खोडांची, पानांनी भरलेली.

"पण हे किडे कहूची पानं खातात, कौतिकाबाई. पुस्तकात आहे. ऐन आणि अर्जुन, दोन्ही यांची मुख्य झाडं."

"पुस्तकातले किडे खात असतीन. हे नाही खानार."

"कशावरून म्हणता?"

त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मागे वळून एकदा टोलीतल्या घरांकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"लटारूनं कधी घालून पाहिले होते का?"

"नाही."

"मग दुसऱ्या कोणी?"

जेवणाचा डबा त्यांनी नेहमीच्या दगडावर ठेवला आणि पदर खोचला.

"मर्जी तुमची. आत तुमी आहा."

हे वाक्य मी तेव्हा होकार समजलो.

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तरच्या भाद्रपदातली. मी पंचविशीत होतो, नागपुरात एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा प्रयोगनिर्देशक. टसर रेशमाचा पतंग आपल्याकडच्या पानझडीच्या रानात सर्रास आढळतो. पिवळट तपकिरी, पंखांवर चार गोल डोळे असलेला. आठवडाभर जगतो आणि त्या आठवड्यात काहीच खात नाही, कारण त्याला धड तोंडच नसतं. जे काही खायचं ते किडा असताना. तो किडा कुठल्या रानात, कुठल्या झाडावर वाढतो याची यादी एका सरकारी खात्याला हवी होती. आमच्या प्राध्यापकांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. वर्गात बोलताना माझा आवाज जायचा, त्यामुळे मला रानात पाठवलेलं बरं असं त्यांना वाटलं असावं.

खात्यानं छापील तक्ते दिले होते. चार रकाने: झाड, ठिकाण, राखणदार, शेरा. तक्ते भरून झाले की अहवालाची एक प्रत ज्या त्या गावच्या सोसायटीत वाचून दाखवायची, अशी अट होती.

मी गेलो ती बेहडाटोली. वीसेक घरं, सगळी ढीवरांची. उन्हाळ्यात मासे धरायचे, पावसाळ्यात रानात कोसा पिकवायचा. कोसा म्हणजे त्या किड्यानं आपल्याभोवती विणलेलं रेशमाचं घर. प्रत्येक घराचा ऐनाच्या रानातला एक तुकडा ठरलेला, बापाकडून मुलाकडे आलेला. त्याला ते 'राखण' म्हणत.

त्या टोलीत राखणीचा एक नेम होता. अंडी फुटेपर्यंत सगळं बायकांच्या हातात. बियाण्याचे कोसे घरात टांगायचे, त्यांतून पतंग बाहेर पडले की त्यांच्या जोड्या जमवायच्या, अंडी द्रोणात जपायची, हे सगळं त्यांनी करायचं. अंडी फुटली की किडे पुरुषाच्या स्वाधीन. तो त्यांना रानात न्यायचा आणि कोसे उतरेपर्यंत खोपटीत राहायचा, गुलेलीनं कावळे हाकत. दाढी करायची नाही, मासळी खायची नाही. आणि बाईनं तेवढे दिवस नाला ओलांडायचा नाही. नेम मोडला आणि किडे मेले, तर राखण त्या घराकडून काढून दुसऱ्या घराला द्यायची. असं दोनदा झालेलं होतं म्हणे. एक घर तर टोली सोडून गेलं होतं.

मी लटारू मारभते यांच्या खोपटीत राहिलो. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याच्याबरोबर असताना आपणही कमी बोलतो याची मला लाज वाटत नसे. तीन आठवडे मी त्याच्यासारखाच राहिलो, त्याच्या मागे मागे वही घेऊन. मग त्याला ताप भरला. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे झाले. चौघांनी त्याला बैलबंडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. जाताना तो माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "येनाची पानं सरत आली हायेत. वरची पाळी पाहून ठेवजा."

त्याच दिवशी आडकूजी आले. टोलीचे म्होरके, सोसायटीचे अध्यक्षही तेच. बरोबर शेजारच्या राखणीतला सुकरू होता.

"मास्तर, दाढी चांगली वाढली तुमची," आडकूजी म्हणाले.

"तीन आठवडे झाले."

"मासळी?"

"नाही खाल्ली."

"मंग तुमीच बसा. लटारू येईस्तोवर. बाकी सगळे आपआपल्या राखणीत अडकले हायेत. दुसरा मानूस नाही."

"मला जमेल का?"

सुकरू हसला. "जमन न! त्या चष्म्यातून मास्तरले किडे म्हशीएवढे दिसत असतीन. एक बी हरपनार नाही."

आडकूजींनी त्याला डोळ्यांनी दटावलं. पण मला राग आला नव्हता. उलट ऊर भरून आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी पुस्तकाशिवाय दुसरं काहीतरी माझ्यावर सोपवलं होतं.

कौतिकाबाई रोज दुपारी नाल्यापर्यंत येत. डबा दगडावर ठेवत आणि पलीकडूनच विचारत.

"रंग कसा हाय?"

"हिरवा."

"हिरवा तं मालेबी माहीत हाय. पिवळा हिरवा का काळा हिरवा?"

मी जाऊन बघून यायचो. "पिवळट."

"डोकं वर करून बसतात का खाली?"

"वर."

"मंग कात टाकनार हायेत. हात नोका लावू दोन दिवस."

आणि दोन दिवसांनी ते खरोखर कात टाकत. ज्या रानात त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, त्यातलं सगळं त्यांना पलीकडून दिसत होतं. मी त्यांचं बोलणं रात्री वहीत उतरवून घ्यायचो. 'लटारू यांच्या माहितीनुसार' असं लिहायचो. राखणदाराच्या रकान्यात त्याचं नाव होतं, म्हणून. दुसरं काही लिहिता येईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही.

पाचव्या दिवशी ऐनाची पानं खरंच सरली. किडे आता शेवटच्या अवस्थेत होते. त्या वयात ते इतकं खातात की रानात कान दिला तर बारीक पाऊस पडल्यासारखा आवाज येतो. वरची पाळी, म्हणजे पानांनी भरलेली ऐनाची झाडं, टेकडीवर होती, अर्ध्या तासाच्या चढावर. दोन हजारांच्या आसपास किडे. प्रत्येक डहाळी तोडायची, टोपलीत ठेवायची, वर चढायचं, बांधायची, परत यायचं. तीन-चार दिवसांचं काम. आणि इथे नाल्याकाठी, वीस पावलांवर, अर्जुन.

पण आळसानं मी ते केलं असं म्हणणं खोटं ठरेल. चढ चढायची माझी तयारी होती. खरं कारण माझ्या वहीत होतं. मागल्या पानावर, पेन्सिलनं, मी आधीच एक ओळ लिहून ठेवली होती: 'ऐनावरील किडे शेवटच्या अवस्थेत अर्जुनावर हलविले, परिणाम समाधानकारक.' असा प्रयोग कोणी नोंदवलेला मला माहीत नव्हता. ती एक ओळ माझी झाली असती. प्राध्यापकांनी ती वाचून चष्मा वर केला असता. मला फक्त ते घडायला हवं होतं.

म्हणून मी विचारलं, कशावरून. उत्तर आलं नाही, आणि मी किडे अर्जुनावर बांधले. दोन दिवस लागले.

पहिल्या दिवशी ते नुसते बसून राहिले. मला वाटलं, प्रवासाचा शीण. दुसऱ्या दिवशी ते फांद्यांवरून खाली निघाले. डोकी डावी-उजवीकडे हलवत, काही हुडकत असल्यासारखे, खोडावरून उतरत जमिनीपर्यंत. मी त्यांना उचलून पुन्हा पानांवर ठेवी, ते पुन्हा उतरत. पानाच्या कडेला तोंड लावत आणि काढून घेत. एकाही पानाला दात लागलेला नव्हता. कावळ्यांना ते केव्हाच कळलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खोपटीतून बाहेर आलो तर निम्मे किडे मागच्या पायांवर उलटे लोंबत होते. ढिले, काळसर. त्यांच्या तोंडातून पाणी गळत होतं.

दुपारी कौतिकाबाई डबा घेऊन आल्या. मी नाल्याच्या काठावरच बसलो होतो.

"रंग?" त्यांनी विचारलं.

मी मागच्या झाडांकडे हात केला. एवढ्या लांबून काय दिसणार! पण त्यांनी डबा खाली ठेवला.

"किती हायेत जिते?"

"निम्मे. कमीच."

"मंग काढा लवकर. वर न्या."

"एकट्यानं होणार नाही. संध्याकाळपर्यंत उरणार नाहीत." मी उठून उभा राहिलो. "कौतिकाबाई, तुम्ही या."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं. गुडघाभरसुद्धा नव्हतं.

"तुमी बोलावता हाय न मले?"

मी मान हलवली.

"मान नोका हालवू. तोंडानं सांगा."

"मी बोलावतोय. या."

त्या नाला ओलांडून आल्या. कात्री माझ्या हातातून घेतली आणि कामाला लागल्या. मी बघतच राहिलो. मला एक डहाळी तोडायला जेवढा वेळ लागे तेवढ्यात त्यांच्या चार होत. जो किडा डहाळीवर नव्हता, खोडावर होता, त्याच्या मागच्या बाजूला त्या हलकेच फुंकर घालत. तो आपोआप पाय सोडून त्यांच्या तळहातावर येई. हे लटारूलाही येत नव्हतं. हे हात पहिल्यांदा किडा धरत नव्हते. ते मला दिसलं, पण त्याचा अर्थ लावायला माझ्याकडे उसंत नव्हती.

सूर्य मावळेपर्यंत आम्ही टेकडी चढत-उतरत होतो. मध्ये एकदा त्या थांबल्या, कपाळ पुसलं.

"मास्तर, पुस्तकात मेलेल्या किड्याचं काय लिवलं हाय?"

"काही नाही."

"हं," त्या म्हणाल्या आणि टोपली उचलली.

पलीकडच्या उतारावर सुकरू गुलेल हातात घेऊन उभा होता. तो केव्हापासून उभा होता मला माहीत नाही. त्यानं हाक मारली नाही. आम्हीही नाही.

वर नेलेल्यांतले बहुतेक दुसऱ्या दिवशी मेले. भूक लागून गेलेली असते, मग पान समोर आलं तरी चावता येत नाही. लटारूच्या राखणीत त्या वर्षी कोसा उतरला नाही.

चार दिवसांनी लटारू परत आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी टोली बसली. चिंचेखाली पुरुष, मागे घरांच्या ओट्यांवर बायका. लटारू घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसला होता. कौतिकाबाई त्याच्यापासून थोड्या दूर उभ्या. त्यांना बसा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

आडकूजी कठोर माणूस नव्हते हे मी आवर्जून सांगतो. त्यांनी सुकरूला विचारलं, त्यानं पाहिलेलं सांगितलं. त्यांनी कौतिकाबाईंना विचारलं, "तुले काही सांगाचं हाय?"

"मास्तर होते तिथं," त्या म्हणाल्या. "त्याइले विचारा."

आडकूजी माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी शिकले-सवरले. तुमाले या बाजूचं नाही, त्या बाजूचं नाही. तुमी सांगान ते आमी मानू. कौतिका नाला ओलांडून आत आली होती?"

रात्रभर मी वाक्य जुळवलं होतं. अजूनही ते जसंच्या तसं पाठ आहे. 'आल्या होत्या, पण किडे त्याआधीच मरू लागले होते, कारण त्यांनी नको म्हटलेलं असताना मी ते कहूवर घातले, आणि मीच त्यांना आत बोलावलं.' चांगलं वाक्य होतं. काही सुटलं नव्हतं.

"आल्या होत्या," मी म्हणालो.

आणि श्वास घ्यायला थांबलो.

तेवढ्यात मागून कोणी तरी म्हणालं, "झालं तं मंग!" बायकांमधून एक लांब 'अगं बाई' आलं. दोघं-तिघं एकदम बोलू लागले. आडकूजींनी हात वर केला आणि खाली केला, त्यांच्या दृष्टीनं संपलं होतं. लटारूनं घोंगडीत तोंड घातलं.

कौतिकाबाई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. नाल्याच्या पलीकडून किड्यांचा रंग विचारून उत्तराची वाट पाहत तशा. त्या थांबल्या होत्या. सगळे बोलत होते आणि त्या एकट्या थांबल्या होत्या, माझं उरलेलं वाक्य यायचं म्हणून.

मी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागलो. चष्मा काढला की मला माणसांचे चेहरे दिसत नाहीत. पुन्हा डोळ्यांवर चढवला तेव्हा माणसं उठू लागली होती.

राखण सुकरूकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. सामान बांधलं आणि लटारूच्या घरी गेलो. तो ओसरीवर झोपला होता, किंवा डोळे मिटून पडला होता. मी क्षणभर उभा राहिलो. मग घराला वळसा घालून मागे गेलो.

मागे कुंपणाच्या कोपऱ्यात एक बोर होती. बुटकी, पसरलेली, फांद्या जमिनीला टेकलेल्या. कौतिकाबाई तिच्या आत अर्ध्या वाकून काहीतरी करत होत्या. मला पाहून त्या दचकल्या. मग सावकाश सरळ झाल्या. लपवायला आता काही उरलं नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"या मास्तर. पाहा आता. आलेच हा तं पाहून घ्या."

मी वाकलो. काट्यांच्या जाळीत, पानांच्या खालून, किडे होते. पंचवीस-तीस. तजेलदार, पिवळे हिरवे, अंगावर चांदीचे ठिपके. काही तर विणू लागले होते. एकानं दोन पानं ओढून जवळ आणली होती आणि आतून तो डोकं हलवत धागा टाकत होता. इतके निरोगी किडे मी त्या पावसाळ्यात कुठल्याच राखणीत पाहिले नव्हते.

"काटे हायेत न," त्या म्हणाल्या. "कावळा बसत नाही."

"हे... तुम्ही वाचवून आणलेले?"

"नाही जी बाप्पा! ते कसे जगतीन बोरीवर? हे पयल्या दिवसापासून इथंच हायेत. अंडी फुटली का मूठभर मागं ठेवाचे. चार वर्सं झाले." त्यांनी एका फांदीवरचं वाळकं पान काढून टाकलं. "पयलं पान जे तोंडात जाते न मास्तर, तेच त्याचं. मोठा झाला का दुसरं घेतच नाही. दोन वर्साआधी बोरीचं पान सरलं, तं मी टोलीजवळच्या येनाच्या डहाळ्या आनून देल्ल्या. ताज्या. उपाशी मेले, पन येनाले तोंड नाही लावलं."

मी तिथेच मातीत बसलो.

'कशावरून म्हणता?' असं मी त्यांना नाल्यापाशी विचारलं होतं. हे होतं ते उत्तर. ते देण्यासाठी त्यांना मला इथे आणावं लागलं असतं.

"लटारूला माहीत आहे?"

"घर त्याचं हाय. डोळे बी हायेत. बोलला नाही कधी."

"पण कशासाठी ठेवायचे? एवढासा कोसा..."

"कोशासाठी नाही. पाहाले." त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं. "अंडी आमी जपाची, पोटाशी धरून. मंग डोळ्यापुढं येनार तं एकदम कोसे होऊन, उकळत्या पान्यात टाकाले. मधातलं काही दिसाचंच नाही का मानसाले?"

मी उठलो. माझा आवाज मलाच नवा वाटला. "मी आता जातो आडकूजींकडे. सगळं सांगतो. मी कहूवर घातले, तुम्ही नको म्हणत होता, मी बोलावलं. काल मी पूर्ण बोललो नाही."

"काल बोलले असते तं वेगळं होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता जासान तं म्हनतीन, बाईनं शिकवून धाडलं. अन आडकूजी हुशार हाय. तो विचारन, कहूवर मरतात हे कौतिकाले कसं समजलं? मंग?"

मी बोरीकडे पाहिलं.

"राखण गेली ते गेली," त्या म्हणाल्या. "हे दिसलं तं टोली बी जाईन."

मला ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं, म्हणून पटलं का, हे पन्नास वर्षांत मला ठरवता आलेलं नाही. एवढं खरं की मी आडकूजींकडे गेलो नाही, आणि न जाताना मला थोडं हलकं वाटलं.

माझ्या काखेत वही होती. कौतिकाबाईंचं लक्ष तिच्याकडे गेलं.

"हे झाड तुमच्या वहीत हाय?"

"पुस्तकात आहे. वहीत अजून नाही."

"मंग वहीत नोको."

"नाही लिहिणार."

"तोंडानं सांगता हाय न?"

"हो. तोंडानं."

त्या पुन्हा बोरीत वाकल्या. मी निघालो.

अहवाल फाल्गुनात पूर्ण झाला. एक प्रत बेहडाटोलीच्या सोसायटीत वाचली गेली असणार. तो पुढे छापलाही गेला, पातळ निळ्या पुठ्ठ्याचा. त्यात टसरच्या पतंगाची झाडं आहेत: ऐन, अर्जुन, धावडा, मोह, जांभूळ, सेना, आणखी चार. प्रत्येकापुढे ठिकाण आणि राखणदार. अर्जुनाखाली मी एक तळटीप घातली: 'ऐनावर वाढलेले किडे पुढे अर्जुन स्वीकारीत नाहीत. ही चूक प्रस्तुत लेखकाने केली आहे.' प्राध्यापकांनी दुसरं वाक्य काढून टाकलं. अहवालात कोणी असं लिहीत नाही म्हणाले.

यादीत बोर नाही.

बोर नसणं ही साधी गोष्ट नाही. या विषयाची तोंडओळख असलेल्या कोणालाही माहीत असतं की हा किडा बोरीवर वाढतो. पुढच्या वर्षांत तीन जणांनी ती उणीव छापून दाखवली. एकानं सौम्यपणे, एकानं तळटिपेत. एकानं लिहिलं की संकलकानं बहुधा रान पाहिलेलंच नसावं. निवृत्त होईपर्यंत सहकारी त्यावरून थट्टा करायचे. डब्यात बोरं आणली की एक माझ्यापुढे ठेवून विचारायचे, "सर, हे कुठलं फळ?" मीही हसायचो.

बेहडाटोलीला मी पुन्हा गेलो नाही. जायचं ठरवलं होतं, दोनदा. लटारू बांबूच्या कामावर जाऊ लागला एवढं कोणाकडून तरी कळलं. कौतिकाबाईंचं काहीच कळलं नाही. विचारायचं तर कोणाला, आणि कोण म्हणून?

गेल्या महिन्यात शर्वरी नाकाडे नावाच्या एका संशोधक मुलीचं पत्र आलं. त्याच पट्ट्यातली असावी, आडनावावरून. फार अदबीनं लिहिलं होतं. 'बोधनकर सर, आपल्या अहवालातलं किड्यांच्या वागण्याचं वर्णन मला आजवर वाचलेल्यांत सर्वांत अचूक वाटलं. ज्यानं रंगातला एवढा फरक नोंदवला, त्याच्या नजरेतून बोर सुटेल हे पटत नाही. काही कारण होतं का?'

मी उत्तरादाखल एक कार्ड लिहिलं. 'सूचनेबद्दल आभार. वर्णन माझं नाही. बोर राहिली ती नजरचूक.' पेटीत टाकून घरी आलो आणि जेवण गेलं नाही. दिलेला शब्द पाळला होता. पण राखण गेली, लटारू गेला असेल, कौतिकाबाई असल्या तर नव्वदीच्या असतील, आणि मी अजून पहिल्या स्वल्पविरामापाशीच थांबलेलो होतो.

त्या तक्त्यांपैकी एक कोरा माझ्याकडे उरला होता. पिवळा पडला आहे, कडा तुटतात. काल तो काढला, रकान्यांवरून हात फिरवला आणि शाईनं भरला. आज तो शर्वरी नाकाडेंना पाठवतो आहे, आणि तो कशामुळे कोरा राहिला होता हे त्यांना कळावं म्हणून वरचं सगळं लिहिलं.

झाड: बोर.

ठिकाण: बेहडाटोली, घरामागे, कुंपणाच्या कोपऱ्यात.

राखणदार: कौतिका मारभते.

शेरा: किडे पहिल्या दिवसापासून याच झाडावर. निरोगी. या अहवालात 'लटारू यांच्या माहितीनुसार' असं जिथे जिथे आहे, तिथे तिथेही हेच नाव वाचावं. त्या नाला ओलांडून आत आल्या होत्या. पण किडे त्याआधीच मरू लागले होते, कारण त्यांनी नको म्हटलेलं असताना मी ते कहूवर घातले, आणि मीच त्यांना आत बोलावलं.